दिवसाला एक चौकट

वाटाणा रुजून वर यायला किती दिवस लागतात, हा काही भांडवल पुरवणाऱ्या माणसाने विचारावा असा प्रश्न नव्हे. तरीही आपल्या देशातला चित्रपटाचा व्यवसाय उभा राहिला तो एका वाटाण्याच्या जोरावर. १९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके नावाच्या बेचाळीस वर्षांच्या गृहस्थाने कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभर ठरावीक अवधीने त्या कुंडीची चित्रे घेतली. मग ती एकापाठोपाठ एक पडद्यावर सोडली. महिनाभराची वाढ पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चुटकीसरशी झाली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती चिमुकली पट्टी ओळखली जाते. ती आज पाहायला मिळत नाही, पण तिची हकिगत मात्र टिकून आहे. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या चित्रपटात ती पुन्हा रंगवलेली अनेकांनी पाहिली असेल.

आज या प्रकाराला टाइम-लॅप्स म्हणतात. मराठीत ‘कालसंक्षेप’ वगैरे भारदस्त शब्द सुचवता येतील. पण ज्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये ते बटण आहे तो टाइम-लॅप्सच म्हणतो, तेव्हा आपणही तसेच म्हणू. बटण आले आणि सोय झाली, हे खरे. पण माझी तक्रार त्या बटणाबद्दलच आहे. त्याच्या नादाने आपण जे मुळातच लवकर संपणारे आहे तेच आणखी पळवत सुटलो आहोत. अंगणातली रांगोळी, वाढदिवसाचा केक, गच्चीवरून दिसणारे ढग, चौकातली वाहने. अर्ध्या तासाचे दहा सेकंद करायचे, चार जणांना पाठवायचे आणि विसरायचे. जे खरोखर इतके सावकाश घडते की रोज पाहूनही दिसत नाही, ते टिपायला बटण पुरत नाही. त्याला साधी स्थिरचित्रे लागतात, एकाच जागेवरून आणि एकाच वेळी घेतलेली, शंभर-दोनशे दिवस न कंटाळता. हे काम घराघरांनी, विशेषतः खेड्यातल्या घरांनी हाती घ्यावे, असे माझे म्हणणे आहे, आणि ते केवळ हौसेपोटी नाही.

फाळक्यांची गोष्ट थोडी मागून पाहू. १९११ च्या एप्रिलमध्ये गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण का दिसू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. नंतरचे महिने त्यांनी मिळेल तो चित्रपट पाहण्यात घालवले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. बरे झाल्यावर विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला आणि परतले. आता यंत्र होते, विद्या होती, पैसा नव्हता. पौराणिक चित्रपट काढतो म्हणून सांगितले तर कोण विश्वास ठेवणार? तेव्हा त्यांनी नटनट्या, राजवाडे आणि मुकुट बाजूला ठेवून कुंडी पुढे केली. फोटोग्राफीचे साहित्य विकणारे यशवंतराव नाडकर्णी ती पट्टी पाहून राजी झाले आणि कर्जाची वाट मोकळी झाली. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला.

मला यातली चतुराई फार आवडते. ज्याला कर्ज मागायचे त्याला हा माणूस सांगतो की मी महिनाभर एका जागी चिकाटीने बसू शकतो. तारण म्हणून याहून चांगले काय असणार?

इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. फाळक्यांनी दिवसाला एक चौकट घेतली असे सर्रास लिहिले जाते, आणि पट्टी मिनिटभराची होती असेही त्याच दमात सांगितले जाते. मूकपटाच्या त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण सोळा चौकटी जात. तीस दिवसांच्या तीस चौकटी म्हणजे जेमतेम दोन सेकंदांचा खेळ. पापणी लवली की संपला. मिनिटभर चालायचे तर ९६० चौकटी हव्यात, म्हणजे दिवसाला बत्तीस. रात्रंदिवस घेतल्या तर पाऊण तासाला एक आणि उजेडाचेच बारा तास धरले तर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. कॅमेरा हाताने फिरवायचा असे. नेहमीच्या चालीत हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी सरकत. रोज एक फेरा धरला तर पट्टी पंधरा सेकंदांची होते, पण मग रोप अर्ध्या अर्ध्या सेकंदाला बेडकासारखे उडी मारत वाढणार. कोणताही हिशेब धरा, ‘दिवसाला एक चौकट आणि मिनिटभराचा चित्रपट’ हे गणित जुळत नाही. माझा कल दिवसाला अनेक चौकटींकडे आहे. तसे असेल तर घरात कोणीतरी दिवसभर त्या कुंडीच्या आसपास असलेच पाहिजे. सरस्वतीबाई फाळके पुढे कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडायला शिकल्या, रसायने हाताळू लागल्या आणि चित्रीकरणाच्या मंडळींचे जेवणखाणही पाहत राहिल्या. पडद्यावर वाटाणा दिसतो. कुंडीला पाणी घालणारा हात चौकटीत नसतो. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

झाडांची चाल अशी पकडण्याचा खटाटोप फाळक्यांच्या आधीही झाला होता. चार्ल्स डार्विन यांनी कॅमेऱ्याशिवायच तो केला. वनस्पतीसमोर काचेची तबकडी धरायची, शेंड्याची जागा ठिपक्याने नोंदायची, काही वेळाने पुन्हा ठिपका द्यायचा आणि शेवटी सगळे ठिपके जोडायचे. शेंडा गोल गोल फिरत आधार शोधतो हे त्या वेड्यावाकड्या रेषेवरून दिसे. मुलगा फ्रान्सिस याच्या साहाय्याने त्यांनी या हालचालींवर लिहिलेला ग्रंथ १८८० साली निघाला. पुढे लाइपझिगमध्ये विल्हेल्म फेफर यांनी शतक संपता संपता झाडांच्या वाढीची चित्रपट्टी केली. इंग्लंडात पर्सी स्मिथ यांचा फुले उमलताना दाखवणारा चित्रपट १९१० साली लोकांना दिसला. फाळक्यांनी हे तंत्र नंतरही सोडले नाही. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्या थोड्या थोड्या सरकवून, एकेक चौकट घेऊन त्या नाचवल्या. फरक इतकाच की काड्या माणसाला सरकवाव्या लागतात, वाटाणा आपला आपण सरकतो.

आता मुंबई-लंडन सोडून कनेरगाव नाक्याला येऊ. हिंगोलीहून वाशीमच्या वाटेवरचे हे गाव. नावातच नाका आहे. निजामाच्या राज्यातला मराठवाडा इथे संपे आणि पैनगंगेच्या पलीकडे वऱ्हाड लागे. १९५६ पर्यंत हा भाग आणि पलीकडचा भाग वेगवेगळ्या राज्यांत होते. त्याच्या खुणा आता बोलण्यात उरल्या आहेत. पिकाच्या ओळींतले तण काढायला बैलामागे जे औत धरतात त्याला अलीकडे कोळपे म्हणतात आणि पलीकडे डवरे. नाक्यावरच्या माणसाला दोन्ही कळतात. गावावरून जाणारी अकोला-पूर्णा ही लहान रुळांची रेल्वे २००८ मध्ये मोठ्या रुळांची झाली. अकोला-नांदेड रस्ता रुंद होऊन राष्ट्रीय महामार्ग झाला. हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. एवढे सगळे बदलले, आणि त्याची छायाचित्रे? लग्नांची आहेत, पुढाऱ्यांच्या स्वागताची आहेत, शाळेच्या स्नेहसंमेलनांची आहेत. एकाच जागी उभे राहून दर महिन्याला रस्त्याचे एक चित्र कोणी घेतले असते, तर पंचवीस वर्षांची तीनशे चित्रे झाली असती. सेकंदाला बारा या चालीने ती पंचवीस सेकंदांत डोळ्यांसमोरून गेली असती. पंचवीस वर्षे आणि पंचवीस सेकंद. ते कोणाला सुचले नाही याचा दोष कोणाला देणार? रोज समोर असते ते टिपावे असे वाटतच नाही.

माझ्या पुतण्याला मात्र सुचले. २०२३ च्या खरिपात त्याने नाक्याजवळच्या आमच्या शेतात हा उद्योग केला. बांधावर लोखंडी पाइप रोवला, मुळाशी सिमेंट ओतले, वर लाकडी फळी ठोकली आणि फळीवर मोबाइल नेमका बसेल अशी खाच केली. रोज सकाळी सात वाजता, कॉलेजची बस पकडण्यापूर्वी, खाचेत मोबाइल ठेवायचा आणि एक चित्र घ्यायचे. त्या वर्षी पाऊस लांबला होता, पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली. शंभर दिवसांत सात दिवस हुकले, त्र्याण्णव चित्रे हाती लागली. सेकंदाला बारा धरून पावणेआठ सेकंदांचा सिनेमा झाला. दिवाळीला सगळे जमले तेव्हा त्याने तो दाखवला. लहान मुले म्हणाली, पुन्हा लाव. त्याचे वडील काही बोलले नाहीत. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी एका जागी थांबवायला सांगितले.

ती जागा ऑगस्टची होती. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, हे वर्तमानपत्रात सर्वांनी वाचले आहे. पडद्यावर ते वेगळेच दिसते. हिरवा पट्टा फुगत फुगत येतो, ओळी मिटतात, आणि मग हालचाल थबकते. पाणी कमी पडले की सोयाबीन आपली पाने उलटी करते, खालची फिकी बाजू वर येते. शेतात उभ्या माणसाला हे आज थोडे, उद्या थोडे असे दिसते आणि तो मनाशी म्हणतो, उद्या पडेल. चित्रांच्या ओळीत दीड सेकंद सगळे शेत विटल्यासारखे होते. त्या दीड सेकंदात आमच्या भावाची अठरा सकाळी गेल्या होत्या. “इथून पुढं फूल गळालं,” तो म्हणाला. कोणत्या दिवशी, हे त्याला तोवर सांगता आले नसते. चित्राच्या नावातच तारीख होती.

हौसेपलीकडचा मुद्दा तो हा. आपल्याकडे शेताचे चित्र आता सरकारी कामातही लागते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन मोबाइलवर पिकाची नोंद छायाचित्रासह करायची रीत पडली. प्रधानमंत्री पीक विम्यात गारपीट, पुराचे पाणी साचणे अशा नुकसानीची खबर बहात्तर तासांत द्यावी लागते, तिथेही चित्र मागतात. पण एक चित्र म्हणजे एक क्षण. पिवळे पडलेले रोप पिवळे आहे एवढेच ते सांगते. कधीपासून पिवळे, पाऊस उघडल्यावर किती दिवसांनी, शेजारच्या ओळीत आधी की इथे आधी, हे त्यातून कळत नाही. दुष्काळ हा क्षण नसतो, तो हळूहळू चढतो. त्याची नोंद चित्रांच्या मालिकेतच होऊ शकते. असली मालिका उद्या कुठल्या कचेरीत ग्राह्य धरतील, असे मी म्हणत नाही. पण पंचनाम्याला आलेल्या माणसापुढे “यंदा लई वाईट झालं” एवढेच म्हणणारा शेतकरी आणि त्र्याण्णव सकाळी तारखेनिशी हातात असलेला शेतकरी, या दोघांच्या बोलण्याच्या वजनात फरक पडतो.

उपग्रह हे काम करतात की, असे कोणी म्हणेल. करतात. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह १९७२ पासून पृथ्वीची चित्रे घेत आहेत. २०१३ मध्ये गूगलने १९८४ पासूनची चित्रे वर्षाला एक अशी जोडून सर्वांसाठी खुली केली. पैनगंगेवरच्या इसापूर धरणासारखे मोठे जलाशय त्यात सहज सापडतात. बसून पाहण्यासारखे आहे ते. पण त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद तुकडा, आपल्या मापाने जवळजवळ नऊ गुंठे. नऊ गुंठ्यांचा एकच रंग. त्यात विहीर मावते, गोठा मावतो, कांद्याचे वाफे मावतात आणि सगळे मिळून एक करडा ठिपका होतो. आकाशातून धरण दिसते, बांध दिसत नाही. बांधावर पाइप रोवणे आपल्याच हाती आहे. जेम्स बॅलॉग या छायाचित्रकाराने २००७ पासून बर्फाच्या नद्यांसमोर कॅमेरे रोवून ठेवले आणि त्या मागे हटताना जगाला दाखवल्या, तेही जमिनीवर पाय रोवूनच. ‘चेसिंग आइस’ या २०१२ च्या माहितीपटात ते पाहायला मिळते.

करायला फार अवघड नाही, पण काही गोष्टींत हयगय चालत नाही. जागा हलता कामा नये. झाडाला बांधलेली फळी वाऱ्याने आणि झाडाच्या वाढीने सरकते. मग पडद्यावर पीक जागच्या जागी राहते आणि सगळे शिवारच नाचते. भिंत, खांब, सिमेंटमधला पाइप हे उत्तम. मोबाइल शक्यतो एकच असावा. जुना, काच तडकलेला चालेल, मागची भिंगे स्वच्छ असली की झाले. पावसाळ्यात बोटाचा ठसा आणि वाफ यांनी जितकी चित्रे वाया जातात तितकी दुसऱ्या कशाने जात नाहीत. ढगाळ-उन्हाळ दिवसांमुळे चित्रे उजेड-अंधार अशी लुकलुकतात. मोबाइलमध्ये उजेडाचे माप कायम करण्याची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर लुकलुक सोसावी, मला ती वाईट वाटत नाही. आठवड्यातून एकदा चित्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत. जोडण्याचे काम शेवटी करायचे. त्याला तासभरही लागत नाही आणि घरातले शाळकरी पोर ते आपल्यापेक्षा चांगले करते.

रोजचे शेतच घ्यावे असेही नाही. विहिरीच्या आतल्या कडेला फुटाफुटावर रंगाचे पट्टे मारून दर सोमवारी एक चित्र घेतले, तर वर्षाची बावन्न होतात आणि पाणी कोणत्या महिन्यात किती उतरले यावर ग्रामसभेत होणारी निम्मी भांडणे मिटतात. (उरलेली निम्मी पाण्याबद्दल नसतातच.) हळद आठ-नऊ महिने शेतात असते. जूनला लावलेली फेब्रुवारी-मार्चला निघते. वसमत भागात तर घरोघरी हे पीक आहे. तिची अडीचशे-पावणेतीनशे चित्रे म्हणजे विसाहून अधिक सेकंद. पाने वाळून आडवी होतात तिथे बाहेरच्याला वाटेल पीक मेले, आणि घरच्याला कळेल की आता माल काढायचा. शहरातल्या वाचकांना शेत नसेल, पण खिडकी आहे. समोरच्या जुन्या वाड्याच्या जागी इमारत उभी राहत असेल तर दोन-तीन वर्षे रोज चहाच्या वेळी एक चित्र घ्यायला काय हरकत आहे? वाडा पडल्यावर तो कसा होता यावर घरात वाद घालण्यापेक्षा ते बरे.

मुलांना संयम शिकवायचे हे साधन आहे, असे काही पालक म्हणतील. मला त्यात फारसा रस नाही. संयम शिकवायला म्हणून सुरू केलेल्या गोष्टी दहाव्या दिवशी बंद पडतात. पुतण्याने शंभर दिवस काढले ते संयमाच्या गोडीने नव्हे, आज काय दिसेल या उत्सुकतेने. तिसाव्या दिवसानंतर तर हुकलेला दिवस त्याला दात पडल्यासारखा सलायचा.

मात्र त्याच्या सिनेमात एक मोठी उणीव होती आणि ती दाखवून दिली त्याच्या आईने. सगळ्यांचे कौतुक झाल्यावर वहिनी म्हणाल्या, “ह्यात आमी कुठंय?” कोणाच्याच लक्षात आले नव्हते. पडद्यावर ओळींमध्ये तण माजते आणि एका रात्रीत नाहीसे होते. पुन्हा माजते, पुन्हा नाहीसे होते. जणू शेतानेच ते गिळले. प्रत्यक्षात तिथे पाच-सहा बायका चार-चार दिवस उन्हात वाकून खुरपत होत्या. त्या दहाला यायच्या आणि पाचला जायच्या, मोबाइल सातला यायचा आणि जायचा. कोळपे फिरले तेही नऊनंतर. पावणेआठ सेकंदांत एक माणूस नाही, एक बैल नाही. फाळक्यांच्या कुंडीला पाणी घालणारा हात नाही तसेच हे. फरक एवढा की कुंडीला एक तांब्या पुरतो आणि सव्वा एकराला किती मजुरी लागते हे वहिनींच्या वहीत लिहिलेले होते.

चित्राची वेळ निवडतो तेव्हा आपण काय दिसणार हेही निवडून टाकतो. सकाळी सातला शेत सुंदर दिसते, दव असते, सावल्या लांब असतात. दुपारी बाराला उजेड सारखा असतो, रोजच्या चित्रांत फरक कमी पडतो, म्हणून या विषयातले जाणकार तीच वेळ सुचवतात. पण बाराला बायका बाभळीखाली भाकरी सोडून बसलेल्या असतात. पुतण्या आणि वहिनी यांच्यात यावरून बराच वाद झाला. एकाच माणसाला दोन वेळा शेतात जायला जमत नव्हते आणि मोबाइल एकच होता. पुढच्या वर्षी सातचा मान ठेवून दुसरे चित्र दुपारी चारला घ्यायचे ठरले, आणि ते घेण्याचे काम वहिनींकडे गेले, कारण त्या वेळी त्या तिथेच असतात. दोन्ही मालिका वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. चारच्या मालिकेत ऊन पाठीमागून येते, चित्रे जरा काळपट आहेत, आणि खुरपणीच्या दिवसांत रंगीत लुगड्यांचे ठिपके शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकत जाताना दिसतात.